व्हर्जिनियाला मिळालेलं उत्तर चुकीचं होतं

न्यूयॉर्कच्या ‘द सन’ या वर्तमानपत्राने २१ सप्टेंबर १८९७ रोजी एका आठ वर्षांच्या मुलीच्या पत्राला उत्तर दिलं. व्हर्जिनिया ओ’हॅनलन हे तिचं नाव. माझे काही मित्र म्हणतात सांताक्लॉज नाहीच; बाबा म्हणतात ‘सन’मध्ये छापून आलं म्हणजे ते खरंच; तेव्हा खरं काय ते मला सांगा, एवढंच तिने विचारलं होतं. फ्रान्सिस चर्च या संपादकीय लेखकाने, स्वतःचं नाव न घालता, तिला कळवलं की हो, सांताक्लॉज आहे. सव्वाशे वर्षं उलटली तरी हा मजकूर नाताळ आला की पुन्हा पुन्हा छापला जातो. मुलांना सांता खरा आहे असं सांगावं का, हा वाद निघाला की ‘सांगावं’ म्हणणारे शेवटी याच उत्तराच्या आश्रयाला जातात. पुण्या-मुंबईच्या घरांत डिसेंबरात उशीखाली भेट ठेवणारे आईबाप चर्चचं नाव कदाचित ऐकून नसतील, पण विचारलं तर युक्तिवाद मात्र त्याचाच करतात. म्हणून प्रतिवाद करायचा तो थेट या मजकुराचाच. तो फार सुंदर लिहिलेला आहे, आणि त्या मुलीवर त्याने अन्याय केला आहे.

तिने काय केलं होतं ते आधी पाहू. परस्परविरोधी दोन गोष्टी तिच्या कानावर आल्या. तिने कोणाचीही बाजू घाईने घेतली नाही. घरात जो स्रोत विश्वासाचा मानला जात होता, त्याच्याकडे तिने लेखी विचारणा केली. आठव्या वर्षी याहून चांगलं कोणी काय करणार? आणि तिने गोष्ट सांगा असं म्हटलं नव्हतं. खरं सांगा असं म्हटलं होतं. चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन गोष्ट रंगवून सांगणं निराळं, आणि समोर उभं राहून ‘खरं सांग’ म्हणणाऱ्या मुलाला तीच गोष्ट खरी म्हणून पुन्हा ऐकवणं निराळं. माझं सगळं म्हणणं या फरकावर उभं आहे. पहिल्याला माझी काहीच हरकत नाही. दुसऱ्याला आहे, आणि ती मागे घेण्याजोगं कारण मला आजवर कोणी दिलेलं नाही.

चर्चने पहिल्याच वाक्यात तिच्या मित्रांना चूक ठरवलं. ज्या मुलांनी बरोबर ओळखलं होतं, त्यांना संशयी काळाची बाधा झाली आहे असं त्याने लिहिलं. डोळ्यांना दिसेल तेवढंच मानणारी ही छोट्या मनाची मुलं, असा त्याचा सूर आहे. मग मोठ्या विश्वापुढे माणसाची बुद्धी मुंगीएवढी, हा मुद्दा. मग तो म्हणतो, नाताळच्या रात्री सगळ्या धुराड्यांवर माणसं पहाऱ्याला बसवली आणि त्यांना सांता दिसला नाही, तरी त्यातून काय सिद्ध होतं? न दिसणाऱ्या गोष्टीच जगात सर्वांत खऱ्या असतात. प्रेम, औदार्य, निष्ठा जशा आहेत, तसाच सांताही आहे.

या मांडणीत एक हातचलाखी आहे, आणि ती ओळखायला आठ वर्षांचं मूल पुरेसं मोठं नसतं. मुलीने एका व्यक्तीबद्दल विचारलं: ती आहे की नाही? उत्तर दिलं गेलं एका भावनेबद्दल. प्रेम दिसत नाही हे खरं नाही. रात्री उशिरापर्यंत जागून लोकरीचे मोजे विणणारी आई दिसते. जादा पाळी करून खेळण्याचे पैसे साठवणारा बाप दिसतो. आपल्या वाटणीतलं धाकट्याला देणारी बहीण दिसते. प्रेम माणसांतून आणि माणसांच्या कष्टांतूनच मुलापर्यंत पोहोचतं. सांताची कथा खरी म्हणून विकली की नेमकी हीच माणसं पडद्याआड जातात, आणि त्यांच्या कष्टांचं श्रेय उत्तर ध्रुवावरच्या एका म्हाताऱ्याला मिळतं. मुलाला औदार्य शिकवायचं असेल, तर देणारा हात कोणाचा हे त्याला कळायला नको का?

‘दिसत नाही म्हणून नाहीच, असं थोडंच आहे’ हे वाक्य मराठी कानांना अपरिचित नाही. भानामती करणारा हेच म्हणतो. अंगात आणणारा हेच म्हणतो. ज्या महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, आणि ज्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं झगडा दिला त्या नरेंद्र दाभोलकरांची त्याच वर्षी पुण्यात हत्या झाली, तिथल्या आईबापांनी तरी हा युक्तिवाद आपल्या मुलाच्या हाती लाडाने देऊ नये. सांतावर विश्वास ठेवणारं मूल मोठेपणी बुवाच्या नादी लागतं, असा माझा दावा नाही. तसा पुरावा नाही. पण युक्तिवाद वाईट असेल तर तो गोड प्रसंगी वापरल्याने चांगला होत नाही.

आता त्या वर्तमानपत्राविषयी. ‘सन’मध्ये आलं म्हणजे खरं, असं व्हर्जिनियाचे वडील म्हणत. याच ‘सन’ने ऑगस्ट १८३५ मध्ये एक लेखमाला छापली होती. जॉन हर्शेल या नामवंत खगोलशास्त्रज्ञाने केप ऑफ गुड होपहून प्रचंड दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि तिथे वटवाघळासारखे पंख असलेली माणसं आढळली, असं त्यात सविस्तर वर्णन होतं. हर्शेल त्या वेळी खरोखरच दक्षिण आफ्रिकेत होता; बाकी सगळं रचलेलं होतं. लोकांनी ते खरं मानलं, कारण ते बातमीच्या रूपात, शास्त्रज्ञाच्या नावासह, तपशिलांसकट आलं होतं. चंद्रावरची माणसं आणि धुराड्यातून येणारा म्हातारा या दोन्ही कल्पना मनोरंजक आहेत. दोन्ही ठिकाणी आक्षेप कल्पनेला नाही. आक्षेप आहे तो तिच्यावर मारलेल्या ‘खरं’ या शिक्क्याला.

इथे हमखास येणारं उत्तर म्हणजे कल्पनाशक्ती. मुलांचं बालपण अद्भुताने भरलेलं असू द्या, त्यांच्या कल्पनेचे पंख कापू नका. कल्पनाशक्तीचं महत्त्व मलाही मान्य आहे, म्हणूनच हे उत्तर मला पटत नाही. भातुकली मांडलेली मुलगी रिकाम्या कपातून चहा देते, तेव्हा कप रिकामा आहे हे तिला पक्कं ठाऊक असतं. तुम्ही तो चहा आवडीने प्यायलात तर ती खूष होते. पण कपात खरंच चहा आहे असं गंभीरपणे म्हणू लागलात तर ती तुमच्याकडे विचित्र नजरेने पाहील. खेळाची मालकी तिची असते. सांताच्या बाबतीत कल्पना करण्याचं काम मूल करतच नाही. ते मोठी माणसं करतात. मुलाने फक्त निष्कर्ष काढायचा असतो, तोही मोठ्यांनी मांडून ठेवलेल्या पुराव्यांवरून.

टेक्सास विद्यापीठातल्या जॅकलिन वूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या मुद्द्यावर बराच प्रकाश टाकतो. त्यांनी एक नवंच पात्र तयार केलं. हॅलोविनच्या रात्री येऊन मुलांनी जमवलेल्या गोळ्या-चॉकलेटं घेऊन जाणारी आणि त्यांच्या जागी खेळणं ठेवणारी ही चेटकीण. बालवाडीच्या वयाच्या मुलांना तिच्याबद्दल सांगितलं गेलं, आणि काही घरांत आईबापांनी रात्री खरोखरच अदलाबदल केली. बऱ्याच मुलांनी हे पात्र खरं मानलं, आणि त्यांतल्या थोड्या मोठ्या मुलांत ज्यांच्या घरी ‘भेट’ झाली होती त्यांचा विश्वास अधिक पक्का होता. म्हणजे चांगला विचार करू शकणारी मुलंच पुराव्याला मान देत होती. सकाळी खेळणं दिसलं, आईने सांगितलं, शाळेत सांगितलं. यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष अगदी रास्त होता. फसवणूक कल्पनाशक्तीची झाली नाही, तर्कशक्तीची झाली. भोळं म्हणून ज्याचं कौतुक आपण करतो, ते मूल खरं तर हाताशी असलेल्या साहित्यावर नीट विचार करत असतं. साहित्य मात्र आपण बनावट पुरवलेलं असतं.

अमेरिकेत आणि कॅनडात हे बनावट साहित्य केवढ्या प्रमाणावर तयार होतं! अर्धवट खाल्लेलं बिस्कीट आणि बुटांचे ठसे हे घरगुती झालं. कॅनडाचं टपाल खातं सांताच्या नावाने आलेल्या पत्रांना उत्तरं पाठवतं, आणि त्याच्या पत्त्याचा पिनकोडसुद्धा त्याच्या हसण्यासारखा वाचता येतो. कोलोरॅडो स्प्रिंग्समधलं हवाई संरक्षण केंद्र १९५५ पासून सांताची गाडी कुठवर आली हे दर नाताळाला जाहीर करत आलं आहे. अण्वस्त्रं येतात का यावर लक्ष ठेवणारं तेच केंद्र. शंका आलेल्या मुलाने जावं कुठे? घर, शाळा, टपाल, वर्तमानपत्र, सैन्य सगळे एकच सांगतात. शहानिशा करायला निघालेलं मूल प्रत्येक दारावरून तेच खोटं घेऊन परत येतं. व्हर्जिनियाचं झालं ते हेच.

आणि तिला खरं उत्तर देता येत नव्हतं असंही नाही. चर्चकडे त्या दिवशी जे खरं होतं ते त्याने लिहिलेल्या उत्तरापेक्षा कितीतरी रसाळ होतं. आजच्या तुर्कस्तानात, मायरा नावाच्या गावी, चौथ्या शतकात निकोलस नावाचा बिशप होता. गुपचूप मदत करणारा म्हणून त्याच्या कथा पसरल्या. १०८७ साली इटलीतल्या बारी शहराच्या खलाशांनी त्याच्या अस्थी तिथून उचलून आपल्या गावी नेल्या. हॉलंडमध्ये तो सिंटरक्लास झाला आणि पाच डिसेंबरच्या संध्याकाळी मुलांना भेटी देऊ लागला. न्यूयॉर्क हे मूळचं डच वस्तीचं गाव. तिथल्या वॉशिंग्टन अर्व्हिंगने १८०९ साली आपल्या विनोदी इतिहासग्रंथात त्याला पुन्हा जिवंत केलं. १८२३ साली ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात निनावी छापून आलेल्या एका कवितेने त्याला आठ रेनडिअर दिले. १८६३ पासून टॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने ‘हार्पर्स वीकली’त त्याची चित्रं काढायला घेतली आणि त्याला उत्तर ध्रुवावर घर दिलं. व्हर्जिनियाने पत्र लिहिलं तेव्हा नास्ट हयात होता! चर्च तिला लिहू शकला असता की ज्या माणसाने सांताला हा चेहरा दिला तो नदीपलीकडे न्यू जर्सीत राहतो, त्याला पत्र लिही. एक बिशप, समुद्रापार गेलेल्या अस्थी, तिच्याच शहरातल्या लेखकांनी आणि चित्रकारांनी पिढ्यान्‌पिढ्या मिळून घडवलेलं एक पात्र, आणि दर वर्षी त्याचं सोंग घेऊन मुलांना आनंद देणारे लाखो आईबाप. हे सत्य रूक्ष आहे असं कोण म्हणेल? आठ वर्षांच्या मुलीला ते झेपलं नसतं, असं समजणं हा तिचा अपमान आहे.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा मी टाळणार नाही. मुलांना याने इजा होते असं दिसून आलेलं नाही. १९९४ साली कार्ल अँडरसन आणि नॉर्मन प्रेंटिस यांनी सत्य कळलेल्या ५२ मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी बोलून एक अभ्यास केला. मुलांना साधारण सातव्या वर्षी, बहुतेकदा स्वतःहून, सत्य उमगलं होतं, आणि त्यांच्या प्रतिक्रिया प्रामुख्याने चांगल्या होत्या. खुद्द व्हर्जिनियाही पुढे शिक्षिका झाली, डॉक्टरेट मिळवली, १९७१ साली वारली, आणि आयुष्यभर त्या उत्तराबद्दल कृतज्ञतेने बोलत राहिली. मग मी कशासाठी भांडतो आहे?

त्याच अभ्यासातली दुसरी नोंद वाचा. सत्य उलगडल्यावर मुलं बहुतांशी आनंदात होती. दुःखी झाले ते आईबाप. सत्याने मुलाचं बालपण मोडत नाही हे यावरूनच सिद्ध होतं. मग ‘बालपण जपायचं’ म्हणून मुलाच्या थेट प्रश्नाला खोटं उत्तर देण्याचं कारण उरतंच कुठे? जे जपलं जातं ते मोठ्यांचं काहीतरी असतं: आपलं मूल लहान राहावं ही ओढ. ती मला समजते, तिच्याविषयी मला मायाही आहे. पण तिची किंमत मुलाच्या प्रश्नाने का चुकवायची? आणि इजा झाली नाही, हे वर्तन योग्य असल्याचं प्रमाणपत्र नव्हे. मुलाने विश्वासाने विचारलं आणि तुम्ही जाणूनबुजून खोटं सांगितलं. ते मूल मोठ्या मनाने ते विसरलं, यात मोठेपणा मुलाचा आहे.

काही जण आणखी पुढे जाऊन म्हणतात की सांता हेच संशयवृत्तीचं पहिलं शिक्षण आहे. मूल स्वतः शंका घेतं, स्वतः शोध लावतं. शोध लावू दिला तर हे खरं आहे. पण मुलाने ‘बाबांचं आणि सांताचं अक्षर सारखं कसं?’ असं विचारल्यावर पुढच्या वर्षी डाव्या हाताने चिठ्ठी लिहिणारा बाप त्याला शोध लावू देत नाही. तो शोध हाणून पाडतो. तपासाचं शिक्षण द्यायचं तर पुरावा बदलून चालत नाही.

दुसऱ्या टोकाला गेलेल्यांशीही माझं जमत नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे पहिले महासंचालक झालेले कॅनडाचे मनोविकारतज्ज्ञ ब्रॉक चिशम १९४५ साली म्हणाले होते की सांतावर विश्वास ठेवायला लावलेल्या मुलाची विचारशक्ती कायमची बिघडते. त्यांच्या राजीनाम्याची मागणी झाली. राजीनामा मागणं गैर होतं, पण विधानही अतिरेकी होतं. वरचा अभ्यासच त्याला उत्तर आहे. २३ डिसेंबर १९५१ रोजी फ्रान्समध्ये दिजाँच्या कॅथेड्रलसमोर पाद्र्यांच्या पाठिंब्याने, मुलांच्या देखत, सांताचा पुतळा जाळला गेला. मुलांना प्रिय असलेलं पात्र त्यांच्या डोळ्यांसमोर जाळायचं हे मला क्रूर वाटतं. मानवशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस यांनी त्यावर लिहिलेल्या निबंधात सांताकडे एक दीक्षाविधी म्हणून पाहिलं: गुपित ठाऊक असलेले आणि नसलेले अशी समाजाची विभागणी करणारा. निरीक्षण अचूक आहे. पण दीक्षा मागायला आलेल्याला दारातून परत पाठवणं कोणत्याच परंपरेत बसत नाही, आणि ‘खरं सांगा’ म्हणणारी मुलगी दीक्षाच मागत होती.

ज्या दोन गोष्टींवर मला सर्वांत जास्त राग येतो, त्या चर्चच्या मजकुरात नाहीत, पण त्याच्या छायेत वाढल्या. पहिली, पाळत. २००५ पासून अमेरिकेत फडताळावरचा एक बाहुला घरोघर गेला आहे. तो दिवसभर मुलावर नजर ठेवतो आणि रात्री सांताला जाऊन सांगतो, अशी गोष्ट. आईबाप रोज रात्री त्याची जागा बदलतात. ऑस्ट्रियात क्रॅम्पुस साखळ्या वाजवत येतो. आपल्याकडचे बागुलबुवा आणि ‘पोलीसकाका पकडून नेतील’ हे याच घराण्यातले. धाक दाखवण्यासाठी वापरलेली गोष्ट ही गोष्ट राहत नाही. दुसरी, विषमता. सांता चांगल्या मुलांना देतो म्हणे. मग एका मुलाला सायकल मिळते आणि त्याच वर्गातल्या दुसऱ्याला रंगपेटी. बाबांकडे पैसे कमी आहेत हे सहा वर्षांचं मूल समजून घेऊ शकतं. पण सर्वांना सारखं पाहणाऱ्या म्हाताऱ्याने आपल्याला कमी दिलं, याचा अर्थ त्याने काय लावायचा? आपण वाईट आहोत, हाच एक अर्थ त्याच्या हाती उरतो. गरीब आईबापांचं प्रेम सांताच्या हिशेबात जमा होतं आणि त्यांची गरिबी मुलाच्या वागणुकीच्या खात्यात नावे पडते.

सण म्हटला की गुपित आलंच, असं नाही. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आधी पोरं बांबू, गवत आणि कागदाचा नरकासुर रात्र रात्र जागून बांधतात आणि पहाटे जाळतात. तो आपणच बांधला हे प्रत्येकाला ठाऊक असतं. अंधारात त्याचे डोळे पेटले की अंगावर काटा येतो तो येतोच. वर्षाच्या शेवटच्या रात्री गोव्यात आणि वांद्र्याला मुलं जुन्या कपड्यांत पेंढा भरून ‘ओल्ड मॅन’ करतात. वसईत नाताळचा गोठा मुलं स्वतः उभारतात, गवत आणतात, चांदणी टांगतात. पेणला गणपतीच्या कारखान्यात शाडूचे आणि रंगांचे हात बघत फिरणाऱ्या मुलाला मूर्ती कशी होते हे माहीत असतं, आणि चतुर्थीला तो त्याच भक्तीने आरतीला उभा राहतो. हातांनी केलेलं आहे हे कळल्याने उत्साह कमी होतो असा अनुभव आपल्या पिढ्यांना नाही.

इथे कोणी म्हणेल, मग देवाचं काय? मुलाला देव आहे असं सांगणाऱ्या आईबापांनाही खोटं म्हणायचं का? नाही. ज्यांची श्रद्धा आहे ते आपल्याला खरं वाटतं तेच मुलाला सांगतात. त्यांच्याशी वाद घालता येईल, त्यांना खोटारडं म्हणता येणार नाही. सांताच्या बाबतीत घरातला एकही मोठा माणूस ती गोष्ट खरी मानत नसतो. स्वतःला ठामपणे असत्य ठाऊक असलेली गोष्ट विचारणाऱ्या मुलाला सत्य म्हणून सांगायची, असा प्रकार आपण मुलांखेरीज दुसऱ्या कोणाशी प्रेमाच्या नावाखाली करतो का?

तेव्हा नाताळात लाल टोपी जरूर घाला. मोजा टांगा, गोष्ट सांगा, दाढी लावून नाचा. मूल तीन-चार वर्षांचं असेल तर ‘हा खेळ आहे’ अशी पाटीही लावायची गरज नाही. ते खेळतच असतं. पण ठसे उमटवू नका, चिठ्ठ्या बनवू नका, आणि विचारलं की सांगा. ‘तुला काय वाटतं?’ असं एकदा विचारून त्याचे तर्क ऐकायला हरकत नाही, कारण ते ऐकण्यासारखे असतात. दुसऱ्यांदा विचारलं तर हा प्रश्न टोलवू नका.

राहता राहिला प्रश्न न्यू जर्सीत किंवा टोरांटोत वाढणाऱ्या मराठी मुलांचा, आणि आता ठाण्या-नागपूरच्या शाळांतल्या मुलांचाही. घरी खरं सांगितलेलं मूल वर्गात जातं, मित्राला सांगतं, मित्र रडतो, आणि बाई या मुलाला रागावतात. मग घरी समज दिली जाते: तूही सांग की सांता आहे. हे करू नका. मित्राशी वाद घालू नकोस, त्याच्या घरचा खेळ त्याच्या घरच्यांना खेळू दे, एवढं त्याला शिकवता येतं. मित्राने खोदून विचारलंच तर ‘तुझ्या आईला विचार’ हे उत्तरही देता येतं. त्या आईला ते जड जाईल. पण तो भार तिचा आहे. सात वर्षांच्या मुलाने तो खोटं बोलून वाहू नये.